वर्णद्वेषी राजवट ‘स्वच्छ आणि सुरक्षित’ होती काय?

‘गोऱ्यांचे राज्य होते तोवर दक्षिण आफ्रिकेत ना गुन्हेगारी होती, ना भ्रष्टाचार, 1994 मध्ये काळ्यांच्या हाती सत्ता गेली आणि देश रसातळाला गेला,’ हा दावा इतक्यांदा पुढे पाठवला गेला आहे की तो तपासून पाहण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

आधी गुन्हेगारी. सत्तांतराच्याच सुमारास, 1994-95 मध्ये, एक लाख लोकसंख्येमागे साठहून अधिक खून होत होते. एवढी हिंसा काही महिन्यांत उपजत नाही. ती नव्या सरकारला वारशाने मिळाली. पुढे हे प्रमाण घटत 2011-12 च्या सुमारास तिशीपर्यंत उतरले आणि पुन्हा वाढत 2022-23 मध्ये 45 च्या घरात गेले. ही वाढ भयावह आहे, पण 1994 नंतर परिस्थिती सतत बिघडतच गेली, हे दाव्यातले चित्र तिच्यातून निघत नाही. शिवाय ट्रान्सकाय, बोफुथात्स्वाना, वेंडा आणि सिस्काय हे काळ्यांसाठी वेगळे काढलेले प्रदेश गोऱ्या सरकारने ‘स्वतंत्र’ ठरवल्यावर तिथले गुन्हे देशाच्या आकडेवारीत धरलेच जात नसत, ही सोयीची गोष्ट दावेकरी सांगत नाहीत. पोलीसबळ 1986 पर्यंत पासकायद्याखालच्या (काळ्यांना परवान्याशिवाय शहरी भागात वावरण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याखालच्या) धरपकडीत खर्ची पडे. सुरक्षितता होती ती गोऱ्या वस्त्यांपुरती.

‘भ्रष्टाचार नव्हता’ हे तर धडधडीत खोटे आहे. 1970 च्या दशकात गोऱ्यांच्याच सरकारात, संरक्षण खात्याच्या गुप्त निधीतला पैसा परस्पर वळवून माहिती खात्याने ‘द सिटिझन’ हे सरकारधार्जिणे दैनिक काढले. प्रकरण फुटल्यावर माहिती खात्याचे मंत्री कॉनी मल्डर यांना पद सोडावे लागले आणि पंतप्रधानपदावरून राष्ट्राध्यक्षपदी गेलेले फोर्स्टर 1979 मध्ये पायउतार झाले.

1994 नंतरची लूट मात्र नाकारण्याचे कारण नाही. सरकारी तिजोरीच्या लुटीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती झोंडो यांच्या आयोगाने ती खंडच्या खंड भरून मांडली आहे. पण त्यात सहारनपूरहून गेलेले, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्या निकटचे उद्योजक गुप्ता बंधू आहेत, तशाच मॅकिन्झी आणि बेन या अमेरिकी सल्लागार कंपन्याही आहेत, तेव्हा कातडीच्या रंगाचा सिद्धान्त इथेच कोसळतो. ही लूट चव्हाट्यावर आणणाऱ्या 2016 च्या अहवालावर सही होती ती लोकपालासारख्या पदावर असलेल्या थुली मॅडोन्सेला या कृष्णवर्णीय महिलेची. राष्ट्रीय पोलीस आयुक्त राहिलेल्या जॅकी सेलेबी यांना 2010 मध्ये लाचखोरीबद्दल दोषी ठरवले ते याच नव्या व्यवस्थेतील न्यायालयाने. टेम्बिसा रुग्णालयातील संशयास्पद खरेदी उघड करणाऱ्या आरोग्य खात्यातील भारतीय वंशाच्या अधिकारी बबिता देवकरन यांची ऑगस्ट 2021 मध्ये जोहान्सबर्गमध्ये गोळ्या घालून हत्या झाली, आणि 2023 मध्ये सहा मारेकऱ्यांना शिक्षाही झाली.