विभागीय चौकशी हे भ्रष्टांचे कवच आहे काय?

सरकारी कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढणे अशक्य असते, निलंबन म्हणजे घरबसल्या पगार आणि विभागीय चौकशी हे भ्रष्टांचे कवच. म्हणून चौकशी बंद करून लाचखोराला त्याच दिवशी घरी पाठवावे, अशा आशयाचा मजकूर सर्वत्र फिरत आहे. त्यामागील चीड मी समजू शकतो, पण त्यातील एकही विधान तपासणीत टिकत नाही.

संविधानाचा अनुच्छेद 311(2) कोणालाही बडतर्फीपासून अभय देत नाही. दोषारोप कळवावेत आणि म्हणणे मांडण्याची वाजवी संधी देऊन चौकशी करावी, एवढेच तो सांगतो. फौजदारी आरोपाखाली दोषसिद्धी झाली असेल, चौकशी करणे वाजवीपणे व्यवहार्य नसल्याची कारणे लेखी नोंदवली असतील किंवा राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न असेल, तर या चौकशीचीही गरज नाही. तुलसीराम पटेल प्रकरणात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने हे अपवाद उचलून धरले.

निलंबनकाळात पूर्ण पगार नव्हे, तर अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. तीन महिन्यांनंतर तो वाढवता येतो, तसाच निलंबन कर्मचाऱ्यामुळे लांबले असल्यास घटवताही येतो.

खरा मुद्दा कवचाचा आहे. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याइतका संशयातीत पुरावा लागत नाही. शक्यतेचे पारडे दोषाकडे झुकणे पुरेसे असते आणि पुरावा कायद्याचे काटेकोर नियमही लागू नसतात. पुराव्याची अट इतकी सैल असताना शिक्षेचे आदेश रद्द का होतात? दोषारोप संदिग्ध असतात, आधारभूत कागदपत्रे मागूनही दिली जात नाहीत, यादीतील साक्षीदार तपासलेच जात नाहीत, आणि चौकशी अधिकारी स्वतःच सादरकर्ता अधिकारी, म्हणजे खात्याची बाजू मांडणारा अधिकारी, असल्यासारखा प्रश्न विचारू लागतो. या चुका प्रक्रियेच्या नव्हेत, प्रक्रिया टाळणाऱ्यांच्या आहेत. शिवाय एखादी त्रुटी राहिली की कर्मचारी आपोआप सुटतो, हेही खरे नाही. चौकशी अहवालाची प्रत देणे बंधनकारक ठरवणाऱ्या 1993 च्या करुणाकर निकालातच न्यायालयाने म्हटले आहे की प्रत न दिल्याने बचावाला प्रत्यक्ष बाध आला का, हे पाहावे, आणि आदेश रद्द झाला तरी त्या टप्प्यापासून चौकशी पुढे चालवता येते.

चौकशा वर्षानुवर्षे रेंगाळतात, ही तक्रार मात्र रास्त आहे. तथापि 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने चौकशी शक्यतो सहा महिन्यांत आणि अपरिहार्य कारणे असल्यास साधारणतः एका वर्षात संपवण्याची अपेक्षा व्यक्त केली. त्याच वर्षी, दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे लांबवू नये, असेही सांगितले. कर्मचाऱ्याचे लेखी उत्तर येऊनही चौकशी अधिकारीच नेमला जात नसेल, तर तो विलंब शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याचा, म्हणजे शिक्षेचा अधिकार असलेल्या वरिष्ठाचा असतो.

राहिली त्याच दिवशी घरी पाठवण्याची मागणी. त्या दिवशी हातात केवळ तक्रार असते. ती खरी असू शकते, आणि बेकायदा काम करण्यास नकार दिलेल्या लिपिकावर सूड म्हणूनही केलेली असू शकते. तक्रारदाराची उलटतपासणी घेण्याची संधी काढून घेतली, तर या दोघांतला फरक वरिष्ठ कशाच्या आधारे ओळखणार, याचे उत्तर त्या मजकुरात कुठेही नाही.