भिंत जिंकली, एवढंच नव्हे
‘फँटम लढाऊ विमानाचा भुगा झाला, भिंतीला काही झालं नाही, म्हणजे अणुभट्ट्या सुरक्षित’ हे लेखातलं विधान पटलं नाही. १९८८ साली अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेनं ते विमान काँक्रीटच्या ठोकळ्यावर आदळवलं, ती चाचणी आघाताचं बल मोजायला होती. ठोकळा ३.६६ मीटर जाडीचा, मुद्दाम मागे सरकू शकेल असा ठेवलेला. इतकी जाड भिंत अणुभट्टीच्या घुमटाला नसते.

शिवाय सगळ्यात खोल खूण, सुमारे ६० मिलिमीटर, इंजिनांची होती, हे लेखात यायलाच हवं होतं. मी बेळगावात उद्यमबागेत कामाला आहे. आमच्या शेडमध्ये क्रेनवरून रिकामं पिंप सुटलं, ते चेपलं, फरशीवर नुसता ओरखडा. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला जड भरीव दांडा, पडला तेव्हा मात्र काँक्रीटमध्ये बोट जाईल एवढा खड्डा पडला, आतली खडी दिसायला लागली. विमानाचंही तसंच, पत्रा चेपतो, भरीव भाग घुसतो.