वाळा हिरवा नसतो

वाळ्याचं सरबत हिरवं असतं, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे की खुद्द वाळ्याने येऊन हात जोडले तरी कुणी ऐकायचं नाही. वाळा म्हणजे एका गवताची मुळं. रंग पिवळट तपकिरी. रात्रभर भिजवून उकळली की जे पाणी उतरतं, ते फार तर कोऱ्या चहाइतकं रंगतं. बाजारातल्या बहुतेक बाटल्यांना हिरवेपण येतं ते लेबलवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांतल्या १०२ आणि १३३ या आकड्यांमुळे. १०२ म्हणजे पिवळा टार्ट्राझिन, १३३ म्हणजे निळा ब्रिलियंट ब्लू. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो हे आपण चित्रकलेच्या तासाला शिकलो होतो, पण ते पुढे प्यायच्या कामी येईल असं बाईंनाही वाटलं नसणार.

हे लेबल भिंगाखाली वाचून झाल्यावर मी जाहीर केलं की यंदा वाळ्याचं सरबत घरीच होणार. ‘घरीच करू’ हे वाक्य आमच्याकडे पुरुषाच्या तोंडून आलं की स्वयंपाकघर आधी नंतरच्या पसाऱ्याचा अंदाज घेतं.

मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेलो. “वाळा द्या.”

“कशाला? माठात टाकायला, अंग घासायला, की कूलरला?”

“सरबताला.”

“मग बाटली न्या की! अस्सल आहे, हिरवीगार.”

त्याच्याशी वाद न घालता जुडी घेऊन आलो. पुण्यात दुकानदाराशी वाद घालायला लागणारी ताकद मला सरबतासाठी राखून ठेवायची होती.

वाळ्याची मुळं जमिनीत तीन-चार मीटर खोल जातात, म्हणून उतारावर आणि बांधावर माती धरून ठेवायला हे गवत लावतात. हा गुण शेताच्या बांधावर कौतुकाचा असेल, आमच्या सिंकमध्ये नाही. जी मुळं मृगाच्या पावसाला दाद देत नाहीत, ती आमच्या सोसायटीच्या नळाला काय देणार? धुवावं तितकी माती निघत होती. पाणी बदलून बदलून मी थकलो, तेव्हा आई म्हणाली, “अरे, पुरे आता. वास तेवढा राहू दे त्याला.”

वास मात्र राहिला. रात्री मुळं पातेल्यात भिजत घातली आणि घरभर असा काही गारवा पसरला की पंखा उगीच चालू आहे असं वाटावं. मी कौतुकाच्या अपेक्षेने हिच्याकडे पाहिलं. ही झोपेतच म्हणाली, “अहो, माठ गळतोय का बघा जरा.”

खरं रणकंदन झालं ते साखरेवरून. उकळून गाळलेलं पाणी भरलं पाऊण लिटर, आणि मी पुढे ओढला दीड किलो साखरेचा डबा.

“दीड किलो? कुणाची मुंज आहे?”

मी शांतपणे समजावलं की ही साखर गोडीसाठी नाही, राखणीसाठी आहे. पाकात वजनाने दोन तृतीयांश साखर असली की सगळं पाणी ती स्वतःपाशी धरून बसते, यीस्टच्या वाट्याला थेंब येत नाही. जंतू बिचारे तहानेने मरतात.

“आणि आपण कशाने मरायचं?” हिने विचारलं.

या प्रश्नाला पाकशास्त्रात उत्तर नाही. एका पेल्याला दोनच चमचे लागतात, हे माझं म्हणणं मिक्सरच्या आवाजात विरून गेलं. मिक्सरमध्ये त्या वेळी काहीही नव्हतं, असा माझा अजून संशय आहे.

मी थर्मामीटर आणला होता. या प्रमाणाचा पाक १०४ अंशांच्या आसपास उकळतो, असं माझं वाचन. काटा १०२ वर रेंगाळत असताना आई आली, उलथन्यावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून ताणला आणि म्हणाली, “एकतारी झाला. बंद कर.”

“आई, अजून दोन अंश…”

“मग वड्या पाड त्या सरबताच्या.”

गॅस बंद झाला. मला न विचारता तिने वरून लिंबूही पिळलं. मी सांगितलं, की आंबटामुळे साखरेच्या रेणूचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे होतात. “तुकडे होतात का ते मला ठाऊक नाही,” आई म्हणाली, “खडे होत नाहीत.”

एवढं सगळं पाहून हिला चेव आला. तिने गॅलरीतल्या कुंडीतला पुदिना आणि गवती चहा खुडला, पाण्याइतकीच साखर घातली, लिंबाला सुट्टी दिली आणि अर्ध्या तासात बाटली भरून मोकळी झाली. “मला जंतू मारायचे नाहीत, सरबत प्यायचंय.” तो पुदिना उकळताना शेवाळी झाला आणि मग सरळ तपकिरी. उष्णतेने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निखळतं आणि हिरवेपणा जातो, हे माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. पण निसर्गाचा न्याय बघा: जो जन्मजात हिरवा, तो घरी करताना तपकिरी होतो, आणि जो जन्मात कधी हिरवा नव्हता, त्याच्याकडून लोकांना हिरवं सरबत हवं असतं.

ते हवं असतं याचा प्रत्यय पाहुण्यांनी दिला. शेजारच्या काकूंनी पेला पाहून आवाज खाली आणला, “काढा का? कुणाला बरं नाहीये?” वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी एक घोट घेऊन चहा गार झाल्याचं मोठ्या मनाने नजरेआड केलं. आणि मावशीने तर पेला नाकाशी नेऊन डोळे मिटले नि म्हणाली, “अगदी वाळ्यासारखा वास येतोय रे. कसलं आहे?”

फ्रिज माझ्या बाटल्यांनी भरलेला, म्हणून हिची बाटली ओट्यावरच उभी होती. एप्रिलचं ऊन, पातळ पाक आणि पोटभर पाणी मिळालेलं यीस्ट. व्हायचं तेच झालं. आठवड्याने मेहुणा आला, त्याने माझ्या वाळ्याकडे पाहून “नको दाजी, आत्ताच चहा झालाय” म्हटलं आणि आपल्या हाताने ती बाटली उघडली. झाकण फट्‌ करून छताला लागलं. आम्ही अडवेपर्यंत अर्धा पेला त्याच्या पोटात गेला होता.

“ताई, काय भन्नाट झालंय! सोडा घातलास का? कसं केलंस?”

मी हिच्याकडे पाहिलं. हिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“सोपं आहे,” ती म्हणाली, “साखर-पाणी सारखं घ्यायचं, आणि मग आठवडाभर ते विसरून जायचं.”