पत्ता सोडून काहीही विचारा

इंदूरच्या रामबागेतल्या काकूंचा फोन आला तेव्हा वाटलं, पुन्हा मोबाइलचं काहीतरी बिनसलं असणार. तर म्हणाल्या, "अरे, अंगणात पांढरी साळुंकी आलीय. कबूतर नाही रे, साळुंकीच. चाल बघ की तिची!"

गेलो. सांडलेले पोहे टिपत खरोखरच एक पांढरीफेक साळुंकी फिरत होती. चिमणीसारख्या टुणटुण उड्या नाहीत, एकापुढे एक पाऊल, कमरेवर हात ठेवून घर तपासायला आलेल्या आत्याबाईंसारखी. काकूंनी पक्ष्यांचं एकही पुस्तक उघडलेलं नाही, पण ओळख अचूक.

पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर फोटो टाकल्यावर निम्म्या लोकांनी 'अल्बिनो' म्हणून टाकलं. अल्बिनो पक्ष्यात मेलॅनिन, म्हणजे काळा-तपकिरी रंग देणारं द्रव्य, बनतच नाही, म्हणून डोळे गुलाबी दिसतात, नजर अधू असते, आणि बाहेर असे पक्षी फारसे जगत नाहीत. हिचे डोळे नेहमीसारखे गडद होते. ही ल्युसिस्टिक, म्हणजे रंग फक्त पिसांतून गेलेला. चोच आणि डोळ्याजवळची कातडी मात्र पिवळीधमक, कारण तो पिवळा मेलॅनिनचा नव्हेच. हे सगळं माझ्या साध्या मोबाइलच्या धूसर फोटोत दिसत होतं. आमच्यात अशा फोटोला 'रेकॉर्ड शॉट' म्हणतात, जरा नाक मुरडूनच. मला विचाराल तर तारीख असलेला तो धूसर फोटो, मागची पार्श्वभूमी छान पुसट केलेल्या शंभर खंड्यांच्या फोटोंपेक्षा कामाचा.

चूक पुढे झाली. मी गल्लीचं नाव लिहिलं.

रविवारी सकाळी साडेसहाला काकूंच्या फाटकाशी अकरा जण. दोघांकडे तोफांसारख्या लेन्स. एकाने मोबाइलवर साळुंकीचा आवाज लावला. एक जण टाळ्या वाजवत होता, 'फ्लाइट शॉट' हवा म्हणून. तिसऱ्याने ट्रायपॉडचा पाय थेट वाळवणावर रोवला, आदल्या दिवशी घातलेल्या कुरडयांत. काकूंनी तरीही सगळ्यांना चहा दिला, याचीच मला जास्त लाज वाटली.

ती पांढरी आणि तिचा साधा तपकिरी जोडीदार वळचणीच्या भोकात गवत नेत होते. बुधवारनंतर दोघंही दिसले नाहीत. माणसांमुळेच गेले असं शपथेवर नाही सांगू शकत. पण घरटं बांधणाऱ्या पक्ष्याला आवाज ऐकवणं म्हणजे हद्दीत दुसरा कुणी घुसलाय असं भासवणं. काड्या टाकून तो भांडायला धावतो, आणि भांडायला समोर कुणीच नसतं.

ही तर साळुंकी, इंदूरमध्ये पैशाला पासरी. तणमोराचं काय? गवताळ माळावरचा पक्षी, आपल्या माळव्यातला खरमोर. रतलामजवळ सैलान्याला त्याच्यासाठी 1983 पासून अभयारण्य आहे, आणि 2021 मध्ये तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. पावसाळ्यात नर गवतातून उंच उडी मारतो, पुन्हा पुन्हा, मादीने बघावं म्हणून. ती उडी टिपण्यासाठी गवतात घुसणारा माणूस त्याच्या वर्षभरातल्या मोजक्या आठवड्यांवर पाय देत असतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरसुद्धा संवेदनशील पक्ष्यांचं नेमकं ठिकाण सगळ्यांना दाखवत नाहीत. त्यांना कळतं, आपल्याला का कळू नये?

'ज्ञान वाटलं पाहिजे' हा युक्तिवाद ऐकून झालाय. वाटा ना. तारीख, पक्षी काय करत होता, सोबत कोण होतं, सगळं वाटा. पत्ता महिनाभराने दिलात तर नोंद कुठे जात नाही. पण बहुतेकांना नोंद नकोच असते, त्यांना 'लायफर', म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा दिसलेला पक्षी, हवा असतो, तोसुद्धा शेजाऱ्याने टाकायच्या आत. मीही त्यातलाच होतो, म्हणून बोलतोय. ज्यांना पक्षी बघायचेच आहेत त्यांनी थंडीत सिरपूर तलावावर जावं. 2022 पासून तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत आहे, पक्षी भरपूर, आणि कुणाच्या कुरडया मध्ये येत नाहीत.

गेल्या आठवड्यात एका टिटवीचा फोटो टाकला, फिकट, जवळजवळ दुधी रंगाची. दहा मिनिटांत इनबॉक्समध्ये विचारणा, "भाऊ, लोकेशन?"

लिहिलं, "माळवा."