असे लावा दिवे

समजा, १८८० च्या सुमाराला तुम्ही एखाद्या शहराचे नगरपिते आहात आणि शेजारच्या शहरात विजेचा दिवा लागलाय. तुमची झोप उडणारच. रस्त्यात चिखल आहे, गटारं तुंबलीत, ते असू द्या. चिखल दिसायला तरी उजेड हवाच ना?

दिवा मात्र उंच लावा. माणसं खाली चालत असली तरी कीर्ती वर असते. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या वाबाश या छोट्याशा गावाने ३१ मार्च १८८० रोजी न्यायालयाच्या घुमटावर चार आर्क दिवे चढवले आणि एका रात्रीत नाव काढलं. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेने २३७ फुटांचा मनोराच उभारला. जमिनीवर फारसं काही उजळलं नाही म्हणे. पण मनोरा लांबून दिसायचा, आणखी काय हवं? १९१५ मध्ये तो कोसळला, तोवर उद्घाटनाचे हार केव्हाच सुकले होते.

आर्क दिवा म्हणजे दोन कार्बन कांड्या आणि त्यांच्यामधली धगधगती ठिणगी. तो फुसफुसतो, डोळे दिपवतो, आणि झिजलेल्या कांड्या बदलायला रोज कुणीतरी वर चढावं लागतं. गॅसबत्तीवाल्याला काढून टाकल्याची घोषणा करा आणि त्यालाच शिडी देऊन परत कामावर घ्या.

तारा कुठून न्यायच्या याची चिंता नको. १८८१ मध्ये इंग्लंडमधल्या गोडाल्मिंगने नदीवरच्या पाणचक्कीवर वीज केली. रस्ता खणायचा अधिकार नव्हता, म्हणून तारा सरळ रस्त्याकडेच्या गटारातून नेल्या. गटारांचा इतका चांगला उपयोग कुणाला सुचला असता? १८८४ मध्ये गाव मुकाट्याने गॅसकडे वळलं. तुम्ही वळाल तेव्हा त्याला ‘पुनर्विचार’ म्हणा.

घरात आर्क दिवा लावू नका. पाहुण्यांच्या सुरकुत्या मोजता येतात. घरासाठी एडिसनचा बल्ब. आणि आधी श्रीमंताच्या घरी. न्यूयॉर्कमध्ये बँकर मॉर्गनच्या घराला वीज मिळाली, शेजारणीला यंत्राचा हादरा मिळाला. म्हणजे फायदा सर्वांपर्यंत पोचलाच. ४ सप्टेंबर १८८२ रोजी पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र सुरू झालं. तिथल्या तारा जमिनीखालून, त्यामुळे वर कुणाला त्रास नाही. प्रवाह गळायचा तिथे घोडे उड्या मारायचे, एवढंच. पण घोडे तक्रार अर्ज करत नाहीत.

पुढे कुणी एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारा विजेचा प्रवाह घेऊन आला, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. तुमचा डीसी, म्हणजे एडिसनचा एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, मैलभरात गारठतो आणि त्याचा दूरवर जातो, हे लोकांना कळायच्या आत एसीवर कुत्री मारून दाखवा. १८८८ मध्ये एडिसनच्या प्रयोगशाळेत हेच झालं. दोन वर्षांनी न्यूयॉर्क राज्याने विजेच्या खुर्चीतला पहिला देहदंड एसीवरच दिला. इतकी जाहिरात होऊनही शेवटी एसीच जिंकला. लोकांना कृतज्ञता नसते.

राहता राहिला खर्च. त्यावर अमेरिकेतल्या अनेक नगरपालिकांनी तोडगा काढून ठेवलाय: कंपनीशी करारच असा करा, की चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत. तारखा वर्षभराच्या आधीच छापून घ्या. एखाद्या पौर्णिमेला आभाळ भरून आलं आणि कुणी खड्ड्यात पडलं, तर त्याला करार दाखवा. अर्थात, त्यासाठी आधी कंदील लागेल.