चौदाव्या दिवसाची पिशवी

लिहू की नको करत तासभर बसले होते. नवरा म्हणाला, झोप आता, सकाळी बोलू. पण झोप येत नाहीये, तेव्हा लिहूनच टाकते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी इथे न्यू जर्सीत एका औषधांच्या दुकानात टेक्निशियन म्हणून काम करते. तयार झालेलं औषध आम्ही कागदी पिशवीत घालून, आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावून ठेवतो. आमच्याकडे पिशवी चौदा दिवस थांबते. तेवढ्यात कोणी न्यायला आलं नाही की पिशवी काढायची, स्टेपल उचकटायचं, बाटलीवरचं नाव काळ्या मार्करने खोडायचं आणि औषध परत फळीवर ठेवायचं. 'रिटर्न टू स्टॉक' म्हणतात त्याला. त्याची यादी रोज सकाळी छापून येते. एरवी अर्ध्या पानाची असते. आज दीड पान होती, आणि त्यात सातवं नाव बसकाकांचं होतं.

बसकाका हे मी मनातल्या मनात ठेवलेलं नाव. बासष्ट वर्षांचे आहेत, शाळेची पिवळी बस चालवतात. हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आहे, अपिक्साबान, दिवसातून दोन वेळा. ती गोळी चुकवायची नसते. अचानक बंद केली तर गाठ होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

ते २ जानेवारीला आले होते. हातमोजे काढून खिशात कोंबले, मला हॅपी न्यू इयर म्हणाले, घरी सगळे बरे ना विचारलं. मी स्कॅन केलं तर स्क्रीनवर आलं, विमा ३१ डिसेंबरला संपला. म्हटलं, नवीन कार्ड आहे का? मान हलवली. किती होतील म्हणाले. मी आकडा वाचून दाखवायच्या ऐवजी स्क्रीनच त्यांच्याकडे वळवली, कारण मागे रांग होती आणि मला तो आकडा मोठ्याने उच्चारवेना. ५९८ डॉलर. एका महिन्याचे.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, राहू दे, पुढच्या शुक्रवारी पगार आहे, तेव्हा नेतो. आणि रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून की काय, काउंटरवरचं खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट उचललं. सुट्टे मोजून पैसे दिले.

तो शुक्रवार गेला. आज दुसरा शुक्रवार. आज ती पिशवी मी माझ्या हाताने फाडली.

आणि घरी येऊन चहा टाकून फोन उघडते, तर आपल्या मराठी ग्रुपवर संक्रांतीच्या कार्यक्रमाची आखणी चाललेली. हलव्याचे दागिने कोण आणणार, गुळाच्या पोळ्या किती, सगळं छान. आणि मध्येच एकांचा मेसेज, की बरं झालं सरकारने विम्याची मदत बंद केली, फुकट्यांचे लाड आपण किती दिवस करायचे. खाली बारा अंगठे. बारा! त्यातले चार जण माझ्या घरी जेवून गेलेले आहेत.

मी तिथे काहीच लिहिलं नाही. तिथे लिहिलं असतं तर नंतर पस्तावले असते, म्हणून इथे लिहितेय.

फुकट्या कोणाला म्हणता? तो माणूस पहाटे पाचला उठून बर्फात बस गरम करतो. त्याची बायको एका दवाखान्यात फोन घेते. ज्या कंत्राटदाराकडे तो आहे तो विमा देत नाही, म्हणून दोघांनी ओबामाकेअरच्या, म्हणजे सरकारी कायद्याखालच्या विम्याच्या बाजारातून विमा घेतलेला. कोविडच्या वेळी, २०२१ मध्ये, सरकारने हप्त्यातली मदत वाढवली होती, ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. आता नियम असा, की दोन माणसांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न ८४,६०० डॉलरच्या वर एक डॉलर जरी गेलं, तरी केंद्राची मदत शून्य. हे दोघं त्या रेषेच्या थोडे वर आहेत. थोडेच. साठी ओलांडलेल्या जोडप्याचा पूर्ण हप्ता किती येतो ते जरा बघा कधीतरी. त्यांनी मला सांगितलं, घराच्या कर्जाच्या हप्त्यापेक्षा जास्त होता. म्हणून सोडला. आणि न्यू जर्सीत विमा नसेल तर टॅक्स भरताना वर दंड लागतो तो वेगळाच.

या एका गोष्टीवरून २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारचं कामकाज ४३ दिवस बंद होतं. ४३ दिवस! अमेरिकेच्या इतिहासातला तोवरचा सगळ्यात लांबलेला बंद. विमानतळावर लोक पगाराविना कामाला येत होते, फूड स्टॅम्पवाल्या, म्हणजे किराण्यासाठी सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबांचे पैसे अडकले होते. आणि बंद संपला तेव्हा ज्यासाठी एवढं झालं ती मदत मुदतवाढीशिवाय तशीच लटकत राहिली, आणि वर्ष संपताना गेली.

हो, डेमोक्रॅट्सनीच ती मदत मुदतीची ठेवली होती, कायमची करायची हिंमत त्यांच्यात नव्हती, हेही खरं. आणि तो पैसा शेवटी विमा कंपन्यांच्याच खिशात जातो, तेही मान्य. पण म्हणून मधल्या माणसाला उघड्यावर टाकायचं?

मला सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो सांगते. माझ्या आप्पांचं कराडला एसटी स्टँडजवळ मेडिकल होतं. आता भाऊ बघतो. शाळा सुटली की मी दुकानातच अभ्यासाला बसायचे. खेड्यावरून आलेला माणूस चिठ्ठी पुढे करायचा आणि हळूच म्हणायचा, आप्पा, आजच्यापुरत्या दोनच द्या. आप्पा कात्री काढायचे आणि पाकिटातल्या दोन गोळ्या कापून द्यायचे. कापताना नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापायचे, कारण तारीख छापलेली कड शेवटपर्यंत दुकानात राहिली पाहिजे. गोळी रोजची असेल, तोडून चालणार नसेल, तर पूर्ण पाकीट द्यायचे आणि निळ्या वहीत लिहायचे. बाजाराच्या दिवशी माणूस येऊन पैसे देऊन जायचा. काही जण नाही यायचे. आई कधीमधी बोलायची त्यावरून. आप्पा म्हणायचे, अगं, तो दवाखान्यात पडला तर आपल्याकडे औषधाला येणार कोण.

तिकडे सगळं आलबेल होतं असं मी म्हणत नाहीये. एका ऑपरेशनसाठी जमीन विकलेली घरं आपल्या सगळ्यांच्या नात्यात आहेत. माझ्याही आहेत. पण गोळ्यांचं तसं नव्हतं. परवा भावाला फोन करून विचारलं, अपिक्साबान महिन्याची कितीला पडते रे? म्हणाला, दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास, कंपनीवर आहे. दीड-दोन हजार रुपये. ५९८ डॉलरचे रुपये करून बघा.

आणि आता हे वाचा. या गोळीच्या स्वस्त, जेनेरिक आवृत्तीला इथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याने, डिसेंबर २०१९ मध्येच मंजुरी दिलीय. मंजुरी मिळालेल्या दोन कंपन्यांत एक भारतीय आहे. पण पेटंटच्या कोर्टकज्ज्यांमुळे ती गोळी इथे १ एप्रिल २०२८ च्या आधी विकता येत नाही. मी दिवसभर बाटल्यांतून गोळ्या मोजते, पाच-पाच करत, निळ्या ट्रेवर. रक्तदाबाच्या, साखरेच्या, कोलेस्टेरॉलच्या. त्यातल्या कितीतरी बाटल्यांवर बारीक अक्षरात गोवा लिहिलेलं असतं. मला दर वेळी बरं वाटतं ते वाचून. आपल्याकडची माणसं ती गोळी बनवू शकतात, इथला माणूस ती घ्यायला तयार आहे, आणि मध्ये आठ वर्षं नुसते वकील उभे आहेत.

बासष्टऐवजी ते पासष्ट वर्षांचे असते तर मेडिकेअरमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात गेले असते. याच गोळीचा भाव मेडिकेअरने कंपनीशी घासाघीस करून महिन्याला २३१ डॉलरवर आणलाय, १ जानेवारी २०२६ पासून लागू. पहिल्या दहा औषधांत ती होती. म्हणजे भाव कमी करता येतो, केलेलाही आहे. फक्त तीन वर्षं जगून दाखवा म्हणे.

चिडून लिहितेय, माहीत आहे. थोडं पाणी पिऊन आले.

मी काही केलं नाही असं नाही. २ तारखेलाच त्यांना सांगितलं, कंपनीकडून थेट रोखीने घेतली तर ३४६ डॉलरला मिळते. ते म्हणाले, या महिन्यात तेही जड आहे. गरजूंना फुकट औषध देणाऱ्या योजनेचा फॉर्म छापून दिला. पण त्यात उत्पन्नाचा पुरावा लागतो, डॉक्टरची सही लागते आणि वेळ जातो. थोड्या गोळ्या देऊ का विचारलं. तेव्हा मागच्या बाईने घसा खाकरला आणि ते बाजूला झाले. ते क्षणभर जरी थांबले असते ना, तर मी दहा दिवसांच्या काढून दिल्या असत्या. आप्पांसारखं नाही, पैसे घेऊनच, पण दिल्या असत्या. मी त्यांना हाक मारायला हवी होती. मारली नाही. रांगेकडे बघितलं.

एक गोष्ट ट्रम्पच्या बाजूनेही सांगते, नाहीतर म्हणाल एकाच बाजूने बोलते. पूर्वी औषध दुकानांशी होणाऱ्या विम्याच्या करारांत अशी कलमं असायची, की विम्यापेक्षा रोखीत औषध स्वस्त पडत असलं तरी फार्मसिस्टने गिऱ्हाइकाला ते सांगायचं नाही. तोंडच बंद. ते कलम बंद करणाऱ्या कायद्यावर २०१८ मध्ये ट्रम्पनेच सही केली. चांगलं काम केलं. 

पण तेवढ्याने भागत नाही, कारण बाकी काहीच थांबलेलं नाही. २०२५ च्या जूनपासून विजेचं बिल आपल्या सगळ्यांचं चढलंय. प्रॉपर्टी टॅक्स तर देशात सगळ्यात जास्त आपल्याच राज्यात. यावर ग्रुपवर रोज रडतो आपण! बिलांचे फोटो टाकतो! तेव्हा आपण कष्टाळू, पिचलेले मध्यमवर्गीय. आणि तोच ताण बस चालवणाऱ्यावर आला की तो फुकट्या?

आपण कोणाच्या जिवावर निर्धास्त असतो? त्या बसमध्ये आपलीच मुलं बसतात. माझी धाकटी दोन वर्षं त्यांच्याच बसने गेली. दाट धुक्यात तिचा एक बूट फूटपाथवर राहिला तर ते बस थांबवून खाली उतरले होते. त्या माणसाला स्टिअरिंगवर काही झालं तर? हा विचार दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, आणि मला त्याचीही लाज वाटते, की मी त्यांच्या जिवाआधी मुलांच्या बसचा विचार केला.

मला इथे मत द्यायचा हक्क नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डची रांग सरकत नाही, मी एच-फोरवर, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून, कामाची परवानगी दर वेळी जीव मुठीत धरून नवी करून घेते. त्या ग्रुपवरच्या निम्म्यांना मत आहे. पासपोर्ट निळा आहे त्यांचा. नोव्हेंबर २०२६ मध्ये इथल्या संसदेची, अध्यक्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर येणारी निवडणूक आहे. कोणाला द्या हे मी सांगणार नाही. ज्यांनी अंगठा दिला त्यांनी एकदा माझ्यासोबत सकाळी ती यादी वाचायला या, एवढंच मागते. उद्या कार्यक्रमाला मी येणार आहे, पोळ्या कबूल केल्यात. तो मेसेज टाकणाऱ्यांना तिळगूळही देणार आहे, आणि हे सगळं त्यांना समोर बसून सांगणार आहे. मेसेजवर नाही.

पिशवी फाडल्यावर मी बसकाकांना फोन लावला. आमच्या फार्मसिस्टला विचारूनच लावला. दोनदा वाजून बंद पडला, पुढे मेलबॉक्स भरलेला. डॉक्टरच्या ऑफिसलाही निरोप ठेवलाय, नमुन्याच्या गोळ्या असतील तर बघा म्हणून. शुक्रवारी संध्याकाळी कोण ऐकणार.

त्यांची बस रोज सकाळी सातला पाच कमी असताना आमच्या दुकानासमोरच्या सिग्नलला थांबते. उद्या शनिवार. सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी, शाळा बंद. म्हणजे बस आता थेट मंगळवारी. माझी पाळी नऊची आहे, पण मी साडेसहालाच जाऊन उभी राहणार आहे.