मॅलेफिसेंटच्या नाकावर छिद्रं कशाला हवीत?

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने रील टाकलं. डिस्नेच्या 'स्लीपिंग ब्यूटी' या कार्टूनपटातली दुष्ट जादूगारीण मॅलेफिसेंट खरी असती तर कशी दिसली असती, असं काहीतरी. एआयने तिला नाकावर छिद्रं दिली होती, ओठांना ओलसर चमक, शिंगांवर म्हशीच्या शिंगांना असतात तशा वळ्या. खाली बदामांची आणि आगीची रांग. आणि टाकणाऱ्याचं वाक्य : 'जुन्या कार्टूनपेक्षा हजारपट भारी.' हा मुलगा शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसून वहीच्या मागच्या पानांवर वाघ काढायचा. म्हणून जास्त लागलं.

ग्रुपवर काही बोलले नाही. चित्रपटच लावला, १९५९ चा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि आता लिहितेय. लांबलं तर लांबू दे.

तुम्ही राजकन्येच्या नामकरणाचा प्रसंग बघा हो. दरबार भरलाय, झेंडे, रंग, माणसंच माणसं. मग वारा, वीज, हिरवी ज्वाळा, आणि ती उभी. जमिनीपासून शिंगांच्या टोकापर्यंत एकच काळी उभी रेघ. झग्याचे काठ जाळासारखे कापलेले, अस्तर जांभळं, चेहरा पिवळट हिरवा. बाकी सगळा दरबार चुळबुळतोय, ही जागची हलत नाही. तिला काढणाऱ्या मार्क डेव्हिसची अडचणच ती होती. ही बाई धावत नाही, कुणाच्या अंगाला हात लावत नाही, उभी राहून बोलत राहते. अशा पात्राकडून अभिनय करून घ्यायचा कसा? म्हणून तो डोमकावळा. तिच्या बोटांना गोंजारायला कुणीतरी मिळालं, बोलायला कुणीतरी मिळालं. एवढ्या मोठ्या किल्ल्यात तिला माया लावावी असा तो एक पक्षी. हे सगळं एका आकृतीत बसवलंय त्या माणसाने, आणि आपण म्हणतो छिद्रं नव्हती!

माझ्या आजीने हा चित्रपट बिनआवाजाचा पाहिला होता. मिरजेच्या घरी, भाड्याने आणलेली कॅसेट, चित्र येतंय आणि आवाज नाही. आम्ही पोरं रडकुंडीला आलो. आजी तांदूळ निवडत बसली होती, म्हणाली, "असू दे की, दिसतंय नव्हं सगळं." तिला इंग्रजी येत नव्हतंच, त्यामुळे तिचं काहीच अडलं नाही. दोन राजे समोर आले तशी म्हणाली, "त्यो लांबट हाय त्यो पोरीचा बाप. काळजीनं वाळलाय बघ. आणि ह्यो गोल, ह्यो व्याही." अगदी बरोबर. स्टीफन उंच, सडपातळ, काळ्या दाढीचा. ह्यूबर्ट बुटका आणि गोल. एकही संवाद कानावर न पडता तिला सोयरीक कळली होती.

पात्ररचना म्हणतात ती हीच. तोंड उघडायच्या आधी माणूस कळला पाहिजे. आतला सगळा तपशील काळा करून नुसती सावली ठेवली तरी कोण ते ओळखू आलं पाहिजे. त्या रीलमधल्या बाईची सावली करा बरं. कुठल्याही जाहिरातीतली कुठलीही मॉडेल निघेल.

आजी तीन पऱ्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणायची. लाल ती थोरली, कारण ती हात वर करून हुकूम सोडते. हिरवी मधली, दोघींच्या मध्ये पडणारी. निळी धाकटी. "तिचं कोण ऐकत न्हाई, म्हणून फुगलीया." आज बघताना मला रडायला आलं, खरं सांगते. वॉल्ट डिस्नेला म्हणे तिघी एकसारख्या हव्या होत्या. त्यांना चितारणारे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन अडून बसले की तिघींचे स्वभाव वेगळे हवेत. त्यासाठी ते लग्नसमारंभात, किराणा दुकानात म्हाताऱ्या बायका न्याहाळत बसायचे. कॅलिफोर्नियातल्या कुणा आज्यांची ती चाल मिरजेत तांदूळ निवडणाऱ्या आजीला ओळखीची वाटली. ती निळी, मेरीवेदर, कमरेवर हात ठेवते ना, तो कुणाच्यातरी आजीचा हात आहे. मशीनने कुणाच्या लग्नात जाऊन काय पाहिलंय?

आणि मागची चित्रं! आयव्हिंड अर्लची झाडं बघा, कापून काढल्यासारखी चौकोनी, एकेक पान वेगळं. एकेका चित्राला आठवडा आठवडा लागायचा. एरवी पात्रं आधी ठरायची आणि मागचं चित्र त्यांच्याशी जुळवून घ्यायचं. इथे उलटं झालं. पात्रांनाच अर्लच्या उभ्या-आडव्या रेषांत बसावं लागलं. ॲनिमेटर वैतागले होते, पण म्हणून तर राजकन्या ऑरोराच्या केसांच्या बटासुद्धा त्या जंगलातल्या वाटतात. टॉम ओरेबने तिला घडवताना ऑड्री हेपबर्न डोळ्यांसमोर ठेवली होती. तेवढी बारीक, तेवढी ताठ.

शिवाय यातली जवळजवळ प्रत्येक रेघ हाताने, शाईने सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर, उतरवलेली आहे. ते काम करणाऱ्या बहुतेक बायका होत्या. पुढच्या, १९६१ च्या डाल्मेशियन कुत्र्यांच्या चित्रपटापासून पेन्सिलच्या रेघा थेट सेलवर छापणारं झेरॉक्स आलं आणि शाईवाल्या बायकांचं काम गेलं. नावंसुद्धा धड येत नाहीत त्यांची पडद्यावर. हे आठवलं की 'दोन मिनिटांत झालं' असं अभिमानाने सांगणाऱ्यांचा मला संताप येतो. कशाचा अभिमान?

मान्य, गोष्ट जुनाट आहे. मुलगी झोपते, मुलगा येऊन उठवतो. माझ्या लेकीला मी ती तशीच्या तशी सांगणार नाही. मान्य, साठ लाख डॉलर ओतूनही पहिल्या खेपेला तोटाच झाला आणि समीक्षकांनाही तो थंड वाटला. असेल. आणि २०१४ सालची अँजेलिना जोलीची मॅलेफिसेंट मलाही आवडली होती. पण तिथे काय केलं आठवा. जिवंत, देखण्या बाईच्या गालांवर खोटी हाडं चिकटवली, चेहरा डेव्हिसच्या रेघेला जुळावा म्हणून. खऱ्या माणसाला चित्रासारखं व्हावंसं वाटलं. मग चित्राला खरं करायची ही घाई कसली?

आपल्याकडे तर हे जास्त कळायला हवं. बरबँकला, डिस्नेच्या स्टुडिओत, 'स्लीपिंग ब्यूटी' काढली जात होती त्याच काळात, १९५६ साली, डिस्नेत 'बांबी'वर काम केलेला क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवायला आला. जन्म त्याचा भारतातलाच. त्याच्या हाताखाली आपले ॲनिमेटर राम मोहन तयार झाले. पुढे १९७४ साली विजया मुळ्यांनी 'एक अनेक और एकता' ही छोटी कार्टून फिल्म केली, ॲनिमेटर भीमसेन यांनी ती चितारली. दूरदर्शनवर ती लागली की घरातलं काम थांबायचं. त्या चिमण्यांच्या पिसाचा तंतू दिसत नाही म्हणून कुणी तक्रार केली होती का? चार रेघांत जाळ्यासकट उडाल्या त्या, आणि आपण सगळे मान वर करून बघत बसलो होतो. तोही बसला असणार, वाघ काढणारा.

राग थोडा उतरलाय. त्याला मी फोन करणार आहे. भांडायला नाही. तो वाघाच्या पाठीची रेघ एका झटक्यात ओढायचा, पेन न उचलता, ते मला अजून दिसतं.

एक सांगायचं राहिलं. ऑरोरा आणि मॅलेफिसेंट दोघीही डेव्हिसच्याच. अठरा-वीस मिनिटं दिसणारी ती सोनेरी मुलगी आणि तिला शाप देणारी ही, एकाच माणसाच्या टेबलावर. त्यानंतर त्याने त्या डाल्मेशियनच्या चित्रपटातली खलनायिका क्रुएला केली, जवळजवळ एकट्याने. हाडं दिसतील इतकी वाळकी बाई आणि अंगावर तिच्या तिप्पट कोट; कोट आधी खोलीत शिरतो, मागून ती. चित्रपटासाठी त्याने चितारलेलं ते शेवटचं पात्र, पुढे तो डिस्नेच्या पार्कांच्या कामाला गेला. तिच्यावर वेगळं लिहावं लागेल. लेक झोपली की आज रात्री तीच लावतेय.